जांभळी फुलं बघून सहदेवी ठरवू नका

प्रश्न : मोकळ्या जागेत गुडघ्याएवढं, बारीक जांभळ्या फुलांचं रोप उगवलंय. कुणी सहदेवी म्हणतं, कुणी ओसाडी. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर : फुलं राहू द्या, आधी पानं बघा. सहदेवी, ओसाडी आणि सदामंडी या तिन्ही सूर्यफूल कुलातल्या, तिघींची फुलं जांभळट आणि तिन्ही एकाच पडीक जागेत शेजारी-शेजारी वाढतात. नुसत्या रंगावर गेलात तर हमखास चुकाल.

खोडाच्या मधल्या भागातली पानं जोडीने समोरासमोर असतील आणि चुरगळल्यावर उग्र वास येत असेल, तर ती ओसाडी. शेंड्याची पानं मात्र धरू नका. ओसाडीतही ती कधी कधी एकाआड एक येतात आणि बरेचजण तिथेच फसतात. खालपासूनच पानं एकाआड एक असतील तर पानाचा तळ तपासा. सदामंडीची वरची पानं बिनदेठाची असतात आणि त्यांच्या तळाचे दोन कान खोडाला वेढून बसतात. तिची खालची पानं मुळ्याच्या पानांसारखी कातरलेली असतात. सहदेवीचं पान खोडाला वेढत नाही, ते निमुळतं होत आखूड देठात उतरतं. तिचं खोड सडपातळ, रेघारेघांचं असतं आणि त्यावर करडी लव असते.

आता १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक. सहदेवीच्या स्तबकात २० च्या आसपास पुष्पकं, सगळी नळीसारखी. कडेला सूर्यफुलासारख्या पाकळ्या नसतात. स्तबकाखालची हिरवी छदं, म्हणजे छोटी पानं, अनेक ओळींत, बाहेरची आखूड आणि आतली लांब. सदामंडीत लांब छदांची एकच ओळ असते, म्हणून कळी हिरव्या नळकांड्यासारखी दिसते. ओसाडीच्या एका स्तबकात ६० च्या आसपास पुष्पकं दाटलेली असतात, आणि तिच्या बीवर मऊ केसांऐवजी ५ टोकदार खवले असतात. बी हाती लागलं तर यापेक्षा पक्की खूण नाही.

प्रश्न : सहदेवीचा काढा करायचाय. ओळख थोडी चुकली तर एवढं काय बिघडतं?

उत्तर : बरंच बिघडतं. ओसाडी आणि सदामंडीत यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडं असतात. ती काढ्यात उतरतात, आणि थोडं थोडं बरेच दिवस पोटात गेलं तरी इजा साचत जाते. त्यामुळे रोप मुळासकट, फुलांसह जाणकार वैद्यांना दाखवल्याशिवाय काहीही घेऊ नका. सुकवून चुरा केलेला पाला तर ओळखताच येत नाही.

प्रश्न : सहदेवीचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकात व्हर्नोनिया सिनेरिया, नव्यात सायँथिलियम सिनेरियम. वनस्पती दोन आहेत का?

उत्तर : एकच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये तिला कोनायझा या वंशात टाकलं होतं, पुढे ती व्हर्नोनियात गेली आणि १९९० मध्ये सायँथिलियममध्ये. ‘सिनेरिया’ म्हणजे राखेच्या रंगाची. हे विशेषण तिन्ही नावांत टिकलं.

प्रश्न : सहदेवीचं बी दोनदा पेरलं, एकही उगवलं नाही.

उत्तर : बहुतेक बी मातीखाली गाडलं गेलं असावं. या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. दुसरं कारण पोकळ बी. स्तबक उमलून पांढरा कापसासारखा गोळा झाला की कोरड्या दुपारी तो कागदी पाकिटात झटका आणि २-३ दिवस सावलीत ठेवा. मग दाणे नखाने दाबा : भरीव ठेवा, चपटे टाका. केसांचा झुबका चोळून काढा, नाहीतर तो बी मातीपासून उचलून धरतो आणि कोंब फुटण्याआधीच ते सुकतं. कुंडीत ३ भाग माती, १ भाग वाळू भरून आधी भिजवा, बी वर पसरून तळहाताने नुसतं दाबा. झारीने पाणी घालू नका, बी एका कडेला वाहून जातं, फवाऱ्याने घाला. रोपांना ४ पानं आली की ६ इंची कुंडीत दोनच रोपं ठेवा. आणि बी हवं तेवढं मिळालं की उरलेले स्तबक पिकण्याआधी खुडा, नाहीतर शेजारच्या प्रत्येक कुंडीत सहदेवी उगवेल.