वाचकांचे प्रश्न : डीईएई-सेल्युलोजच्या थराला भेगा का पडतात?

प्रश्न : मी बडोद्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. गेल्या महिन्यात डीईएई-सेल्युलोजचा, म्हणजे प्रथिने भारानुसार वेगळी करणाऱ्या धनभारित सेल्युलोज माध्यमाचा, कॉलम (उभी नळी) चार वेळा भरला. सकाळी एकसंध दिसणाऱ्या थरात दुपारपर्यंत बुडबुडे आणि आडव्या भेगा दिसू लागतात, प्रवाह मंदावतो आणि प्रथिनाचा पट्टा तिरका उतरतो. माध्यम फ्रिजमधून काढून मी मॅग्नेटिक स्टररवर अर्धा तास ढवळते आणि तीन-चार हप्त्यांत ओतते. थर तपासण्यासाठी ब्लू डेक्स्ट्रान (निळे रंगद्रव्य जोडलेला मोठा शर्करा-रेणू) सोडले, तर ते वरच अडकून राहिले. माझे नेमके कुठे चुकते?
— एक वाचक, फतेगंज, बडोदे

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून दोष ओतण्यापेक्षा ओतण्याआधीच्या तयारीत अधिक आहे, असे मला वाटते. थंड द्रवात हवा जास्त विरघळलेली असते. फ्रिजमधल्या ४ अंश सेल्सिअसच्या आसपासचे माध्यम आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) मे महिन्यातल्या बडोद्याच्या खोलीत आले, की तापता तापता ती हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. भरताना थरात एकही बुडबुडा नसला, तरी दुपारी तो दिसतो तो यामुळेच. म्हणून ज्या तापमानाला कॉलम चालवायचा, त्याच तापमानाला माध्यम, बफर आणि रिकामा कॉलम आधी आणावा, आणि मग जाड काचेच्या व्हॅक्यूम फ्लास्कमध्ये घेऊन, अधूनमधून हलवत, बुडबुडे येणे थांबेपर्यंत माध्यमातली हवा काढावी. हे काम घाईने उरकू नये.

मॅग्नेटिक स्टरर मात्र आजच बाजूला ठेवावा. फिरणारी कांडी भांड्याच्या तळाशी सेल्युलोजचे तंतू अक्षरशः दळते आणि त्यातून निघालेला बारीक चुरा तळच्या जाळीत आणि कणांमधल्या पोकळीत बसून प्रवाह अडवतो. काचेच्या कांडीने हलक्या हाताने ढवळावे, उंच भांड्यात बहुतांश माध्यम बसू द्यावे, आणि वर तरंगणारे गढूळ पाणी ओतून टाकावे. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत असे दोन-तीनदा करावे. माध्यम कोरडे, तंतुमय आले असेल, तर त्याआधी ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि पुन्हा पाणी, या क्रमाने ते धुऊन घ्यावे. सीएम-सेल्युलोज या ऋणभारित माध्यमासाठी हा क्रम उलटा, म्हणजे अल्कली आधी, हे लक्षात ठेवावे.

हप्त्याहप्त्याने ओतल्यावर प्रत्येक वेळी जड कण आधी बसतात, हलके मागून येतात, आणि थरात थर तयार होतात. आडव्या भेगा बहुधा याच सांध्यांवर उघडतात. बसलेल्या माध्यमाच्या साधारण दीडपट घनफळाची स्लरी (बफरमधला पातळ लगदा) करून, कॉलमला वर विस्तारनळी जोडून, ती काचेच्या कांडीच्या आधाराने एकदाच ओतावी. तळाशी आधीच थोडे बफर असावे आणि कॉलम ओळंब्याने सरळ लावलेला असावा, कारण पट्टा तिरका उतरण्याचे अगदी साधे कारण कित्येकदा कललेला कॉलम हेच असते. भरताना प्रवाह प्रयोगातल्या प्रवाहापेक्षा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे पुढे थर आणखी खाली दबत नाही. वरचा थर मात्र क्षणभरही कोरडा पडू देऊ नये.

ब्लू डेक्स्ट्रान अडकले, त्यात भरण्याचा दोष नाही. त्याच्या रंगद्रव्यावर ऋण भार असतो आणि डीईएईवर धन, त्यामुळे ते बांधले जाणारच. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनसाठी योग्य असलेली ही तपासणी येथे चालत नाही. त्याऐवजी बफरमध्ये केलेले १ टक्का ॲसिटोन अगदी थोड्या प्रमाणात सोडून २८० नॅनोमीटरवर पाहावे. शिखर सममित आणि अरुंद असेल, तर थर चांगला बसला आहे. शेपूट लांबली, तर थर काढून पुन्हा भरणे हेच बरे.

बफर कोणता, हे आपण लिहिलेले नाही. फॉस्फेट वापरत असाल, तर ते या माध्यमासाठी गैरसोयीचे आहे, कारण फॉस्फेट आयन स्वतःच डीईएईला चिकटतात आणि प्रथिनाशी जागेसाठी स्पर्धा करतात. त्याऐवजी ट्रिस बफर घ्यावा. कॉलममधून बाहेर पडणाऱ्या बफरचा पीएच आणि विद्युत्‌वाहकता आत जाणाऱ्या बफरइतकी झाली, की मगच नमुना चढवावा, त्यासाठी अर्धा दिवस गेला तरी चालेल.