कॉन्स्टंट की साधा आकडा? आधी नावाचा आकडा कधी होतो ते ठरवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. स्वतःची छोटी भाषा बनवताय, मोड्यूल (प्रोग्रामचे तुकडे) वेगवेगळे कंपाइल होतात, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलले जातात, पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा एका मोड्यूलमध्ये ३ ची ५ केलीत, आणि तरी अर्धा प्रोग्राम तीनदाच प्रयत्न करून थांबतोय. त्यावर सहकारी म्हणतात, कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या किमतीला दिलेलं नाव) भाषेतून काढूनच टाकू, साधा आकडा आणि शेजारी कॉमेंट पुरे. ते ‘अर्धा प्रोग्राम’ वाचलं आणि मला माझे अकरा दिवस आठवले. म्हणून एवढं लांब लिहितेय.

जादुई आकडे (कोडमध्ये नावाशिवाय लिहिलेले) का टाळावेत वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडते. सरळ माझ्यावर काय गुदरलं ते सांगते.

आमच्याकडे ठरावीक लांबीच्या रेकॉर्डची फाइल होती. एक प्रोग्राम ती लिहायचा, दुसरा वाचायचा. नावाच्या रकान्याची लांबी दोघांच्या सामायिक लायब्ररीत होती, जावातला पब्लिक स्टॅटिक फायनल इंट (सर्वांना वापरता येणारा, न बदलणारा पूर्णांक), किंमत ४०. मी ती ६० केली आणि लायब्ररीची नवी जार (कंपाइल झालेल्या कोडचं गाठोडं) बनवली. लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याच आठवड्यात दुसरा काही बदल होता, म्हणून तो नव्याने कंपाइल झाला. वाचणाऱ्याच्या सोर्समध्ये (आपण लिहितो त्या मूळ कोडमध्ये) एक अक्षरही बदललं नव्हतं, त्याच्या शेजारी फक्त नवी लायब्ररी ठेवली. झालं. लिहिणारा ६० ने लिहू लागला, वाचणारा ४० नेच वाचत राहिला. नावानंतरचा प्रत्येक रकाना वीस जागा सरकला. पत्त्याची सुरुवात रिकामी, शेवट पुढच्या रकान्यात. सगळे रकाने मजकुराचे, त्यामुळे कुठेही एरर नाही. चुकीचा डेटा शांतपणे साठत राहिला.

कारण असं की जावामध्ये प्रिमिटिव्ह (आकड्यासारख्या साध्या) किंवा स्ट्रिंग (मजकुराच्या) टाइपच्या फायनल व्हेरिएबलची किंमत कंपाइल करतानाच कळत असेल, तर वापरणाऱ्या क्लासमध्ये (जावा प्रोग्रामच्या तुकड्यात) त्याचं नाव जात नाही, किंमतच उतरवली जाते. लायब्ररी नंतर कितीही बदला, जुन्या क्लास फाइलमधला ४० तिथेच राहतो. हा कंपायलरचा बग नाही. जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये (अधिकृत नियमपुस्तकात) बायनरी कम्पॅटिबिलिटीच्या, म्हणजे आधी कंपाइल झालेले तुकडे बदलानंतरही जुळतात का याच्या, प्रकरणात हे स्पष्ट लिहिलंय, आणि खरे गणिती स्थिरांक सोडले तर असे कॉन्स्टंट फार जपून वापरा, असा सल्लाही तिथेच दिलाय. मी ते प्रकरण उघडलं नवव्या दिवशी. सी शार्पमध्येही कॉन्स्टची तीच गत आहे. तिथे स्टॅटिक रीडओन्ली मात्र चालताना वाचलं जातं.

नववा दिवस उजाडेपर्यंत मी काय करत होते, ते जास्त महत्त्वाचं, कारण तुम्हीही बहुधा आत्ता तेच करत असाल. वाचणाऱ्या क्लासमध्ये लांबी छापणारी एक ओळ घातली. लॉगमध्ये ६० आलं. रकानेही जागेवर आले. पण ती ओळ घालताना तो क्लास नव्याने कंपाइल झाला होता, म्हणजे जी वस्तू तपासायची तीच मी तपासण्याआधी बदलून टाकली होती! माझ्या मशीनवर बरोबर आणि सर्व्हरवर चूक, म्हणजे दोष सर्व्हरचा, असं धरून पुढचे पाच दिवस मी कॅरेक्टर एन्कोडिंग आणि कॅश यांच्या मागे घालवले. या सगळ्यात सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

उरलेले दिवस रिलीज सांभाळणाऱ्या विभागाने खाल्ले. त्यांचा नियम होता: ज्याचा सोर्स बदलला तीच जार सर्व्हरवर जाणार. वाचणारा प्रोग्राम पुन्हा बांधून चढवा, ही माझी विनंती तीनदा परत आली, प्रत्येक वेळी एकच शेरा, ‘सोर्समध्ये फरक आढळला नाही’. सर्व्हरवरची क्लास फाइल फक्त पाहायला मागितली, तर परवानगी नाही. स्पेसिफिकेशनचा उतारा जोडून पाठवला, तो कोणी वाचल्याचं दिसलं नाही. शेवटी मी त्या प्रोग्रामच्या एका कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम घातला. सोर्स बदलला, जार गेली, रकाने जागेवर आले. तोवर साठलेली चुकीची रेकॉर्ड हाताने दुरुस्त करावी लागली, ते काम त्या अकरा दिवसांत धरलेलंच नाही. इतकी वर्षं झाली, तरी तो शेरा आठवला की राग येतो. समोरचा माणूस पुरावा देतोय आणि तुम्ही नियमावर बोट ठेवून बसता, याला काय म्हणायचं?

पण राग बाजूला ठेवून पाहिलं, तर त्या नियमाला आधार भाषेनेच दिला होता. सोर्समध्ये नाव दिसलं की वाचणारा कोणीही धरून चालणार की किंमत एकाच जागी आहे आणि तिथे बदलली की सगळीकडे बदलेल. भाषेने नावातून तसं वचन दिलं आणि मोड्यूलची हद्द ओलांडताना मोडलं. तिथे उघडा ४० असता, तर सोर्समध्ये शोधून दहा मिनिटांत सापडला असता. तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने मी एवढंच बोलेन.

त्यांचा उपाय मला मान्य नाही. प्रोग्रामभर ३ शोधायला निघालात, तर त्यातला कुठला तीन पुन्हा प्रयत्नांचा आणि कुठला रकान्यांचा, हे कसं ओळखणार? कॉमेंट कंपायलर वाचत नाही. आणि आकडा तरी कधी बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं असेल, तर जुन्या फोरट्रानची गोष्ट सांगा. काही कंपायलरमध्ये सबरूटीनला (उपप्रोग्रामला) ४ पाठवला आणि आत त्या जागी ५ भरला, तर पुढे जिथे जिथे ४ लिहिलाय तिथे ५ मिळायचा, कारण आकडासुद्धा मेमरीतल्या पत्त्यानेच पाठवला जाई.

माझं मत असं. (मी स्वतः इतरांनी वापरावी अशी भाषा बनवलेली नाही. बहुतेक वर्षं जावा आणि सी, थोडी गो भाषा. त्या बेताने घ्या.) कॉन्स्टंट म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक, जे कधीच बदलणार नाही: गणितातला पाय (π), तासातली मिनिटं. दुसरं, कोणीतरी घेतलेला निर्णय: मर्यादा, लांबी, टाइमआउट. पहिल्याची किंमत खुशाल उतरवून घ्या. दुसऱ्यासाठी वेगळा कीवर्ड ठेवा आणि मोड्यूलबाहेरून वापरताना ती चालतानाच वाचली जाऊ द्या. वेग कमी होईल म्हणून ते नको असेल, तर कंपाइल केलेल्या फाइलमध्ये ‘अमुक नावाची अमुक किंमत उतरवली’ अशी नोंद ठेवा, आणि जोडताना ती जुळली नाही तर लिंकरने (तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने) साफ नकार द्यावा. नुसती वॉर्निंग नको, वॉर्निंग कोणी वाचत नाही.

दुसरा मुद्दा टाइपचा, म्हणजे किंमत कुठल्या जातीची त्याचा. नाव दिलं पण टाइप इंटच ठेवला, तर नाव वापरायची सक्ती कोणावरच नाही. जावाच्या जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये जानेवारीचा कॉन्स्टंट आहे, त्याची किंमत शून्य. पण फंक्शन इंट घेतं, म्हणून लोक सरळ १ देतात आणि फेब्रुवारी मिळतो. २०१४ मध्ये जावा ८ आली, तेव्हा नव्या तारखांच्या लायब्ररीत महिन्याचा एनम (ठरावीक नावांचाच टाइप) आला, आणि आकडाच द्यायचा तर तोही १ पासून मोजतात. गोमध्ये स्लीपला (प्रोग्राम थांबवणाऱ्या फंक्शनला) नुसता ५ दिलात तर पाच नॅनोसेकंद. कालावधीचा वेगळा टाइप असूनही ते बिनतक्रार कंपाइल होतं, कारण तिथे उघड्या आकड्याला स्वतःचा ठाम टाइप नसतो. तुमच्या भाषेत ही पळवाट ठेवू नका. कालावधीच्या जागी एकक नसलेला आकडा आला की एरर.

आणि जिथे आकडाच बोलका आहे तिथे नावाचा हट्ट नको. युनिक्समधल्या फाइलच्या परवानग्या पाहा. ०६४४ एका नजरेत कळतं, तेच लांबलचक नावांचे चार तुकडे जोडून लिहिलं की अर्थ लावत बसावं लागतं. लिनक्स कर्नेलची पॅच तपासणारी स्क्रिप्टसुद्धा नावांऐवजी ऑक्टल (दहाऐवजी आठच्या पायावर मोजलेला) आकडाच लिहा म्हणते. फक्त सीसारखं, पुढे शून्य दिसलं की ऑक्टल, हे उचलू नका. तिथे ०१० म्हणजे आठ होतात. पायथन ३ ने शून्यानंतर ओ अक्षर सक्तीचं केलं, ते बरं. मोठ्या आकड्यात मध्ये अंडरस्कोर घालू द्या. एडा भाषेत ते सुरुवातीपासून होतं, जावात २०११ ला आलं, पायथनमध्ये २०१६ ला. खर्च जवळजवळ शून्य, आणि कितीतरी कॉन्स्टंट निव्वळ शून्यं मोजता येत नाहीत म्हणून केलेले असतात, त्यांची गरज उरणार नाही.

आता तुमच्या ३ आणि ५ कडे. तुमच्या कंपायलरने नक्की काय केलंय हे पोस्टवरून ठामपणे सांगता येणार नाही, पण लक्षणं हुबेहूब तीच आहेत. लॉगची ओळ घालण्याआधी, काहीही पुन्हा कंपाइल करण्याआधी, जे मोड्यूल अजून तीनदाच प्रयत्न करतंय त्याची आत्ताची कंपाइल झालेली फाइल कॉपी करून बाजूला ठेवा आणि ती उलगडून पाहा. जावात हे काम जेडीकेमधलं जावापी करतं. तुमच्या भाषेला असं साधन नसेल, तर आज संध्याकाळी आधी तेच लिहा. त्या फाइलमध्ये ३ सापडला, तर इथे कळवा, जोडतानाची नोंद कशी ठेवता येईल ते सविस्तर लिहीन.