पित्तनलिकेतला खडा काढायचा बलून ‘एफडीए अप्रूव्हड’ आहे म्हणजे काय?

तुमच्या बाबांच्या पित्तनलिकेत खडा अडकलाय, परवा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जायची प्रक्रिया) ठरलीय आणि बलूनच्या माहितीपत्रकावर ‘यूएसएफडीए अप्रूव्हड’, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेलं, असं छापलंय. म्हणजे अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या होऊन तो पास झालाय ना, असं तुम्ही विचारलंय. बहुधा तसं झालेलं नाही. पण त्यामुळे बलून वाईट ठरत नाही. मी १६ वर्षं अशाच कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या बारीक नळ्यांच्या) परवान्यांच्या फायली करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत उपकरण बाजारात आणायच्या मुख्य वाटा दोन. हृदयाच्या कृत्रिम झडपेसारखं जोखमीचं उपकरण असेल तर कंपनीला रुग्णांवरचा पुरावा द्यावा लागतो आणि मग एफडीए ‘अप्रूव्हल’ देते. दुसरी वाट ५१०-के. तिथे कंपनी दाखवून देते की आमचं उपकरण आधीपासून कायदेशीर विकल्या जाणाऱ्या अमुक उपकरणाच्या तोडीचं आहे. त्या आधीच्या उपकरणाला प्रेडिकेट म्हणतात. एफडीएला ते पटलं की मिळतो तो ‘क्लिअरन्स’. पित्तनलिकेचे कॅथेटर तिथे वर्ग २ मध्ये (मध्यम जोखीम) येतात, त्यामुळे ते या दुसऱ्या वाटेने जातात. क्लिअरन्सला ‘अधिकृत मान्यता’ म्हणून मिरवणं अमेरिकेच्या नियमांत चुकीचं लेबलिंग धरलं जातं. आपल्याकडची माहितीपत्रकं मात्र सर्रास ‘अप्रूव्हड’ छापतात, आणि तुमच्यासारख्या घरच्या माणसांचा गैरसमज होतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

या बलूनच्या बाबतीत जुन्याशी तुलना करणं मला योग्यच वाटतं, कारण जुना अनुभव भरपूर आहे. थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा कॅथेटरच्या टोकाला बांधला आणि रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढायचं साधन केलं. तीच कल्पना पुढे पित्तनलिकेत आली. १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी एंडोस्कोपमधून पित्तनलिकेचं तोंड कापून मोठं करायची पद्धत मांडली, आणि पोट न उघडता खडे काढता येऊ लागले. मिटलेला बलून तारेवरून खड्याच्या वर न्यायचा, हवा भरून फुगवायचा आणि हळूहळू खाली ओढायचा. खडा आतड्यात पडतो.

फायलीत रुग्ण नसले तरी टेस्टिंग खूप असतं. आमच्या खोलीत ३७ अंशांचं पाणी आणि एंडोस्कोपच्या वळणासारखी वाकवलेली नळी असते. त्यातून ०.०३५ इंची तारेवर कॅथेटर सरकवतो, सिरिंजने नेमकी लिहिलेली हवा भरतो आणि व्यास मोजतो. एकाच बलूनचे साधारण ९, १२ आणि १५ मिमी असे तीन टप्पे असतात, तिन्ही बरोबर यावे लागतात. मग बलूनचा जोड निसटेपर्यंत यंत्रावर ओढतो. मुद्दाम फोडतोही, आणि फुटल्यावर एखादा तुकडा सुटून पडला का ते भिंगाखाली बघतो. शरीरात चालणाऱ्या पदार्थांच्या चाचण्या, निर्जंतुकीकरण, निर्जंतुक करताना वापरलेल्या इथिलीन ऑक्साइड वायूचा उरलेला अंश हे सगळं वेगळं.

एक्सपायरी ठरवायला माल गरम कपाटात ठेवतात. ५५ अंशांत सुमारे ४६ दिवस म्हणजे कपाटाबाहेरचं १ वर्ष, असा हिशेब असतो. एकदा आमच्या एका लॉटचे बलून या कपाटातून निघाले आणि फुगवल्यावर एका बाजूला कलायला लागले, मऊ पडलेल्या वांग्यासारखे. असा बलून नलिकेच्या एका भिंतीवर दाबतो आणि दुसऱ्या बाजूने खडा सटकतो. ३ वर्षांची एक्सपायरी मागायची ठरली होती, ती आम्ही २ वर आणली. तेव्हापासून मी कुठल्याही पाकिटावर तारीख आधी बघते.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. हे सगळं टेस्टिंग एकदाच वापरायच्या बलूनचं आहे. धुऊन, पुन्हा निर्जंतुक करून वापरलेल्या बलूनला तो क्लिअरन्स लागूच होत नाही. अमेरिकेत कुणाला असं उपकरण पुन्हा तयार करून विकायचं असेल तर त्याच्या नावावर वेगळा क्लिअरन्स लागतो. आपल्याकडे एका रुग्णालयात मी पुन्हा निर्जंतुक केलेले बलून नव्या पाकिटात बांधून ठेवलेले स्वतः पाहिलेत. नळी इतकी बारीक असते की आतलं पित्त पूर्ण निघालं की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, आणि ताणलेलं रबर पहिल्यासारखं फुगेल याची हमी कुणीच घेतलेली नसते.

बलून कशासाठी क्लिअर झालाय तेही बघावं लागतं. खडा ओढायचा बलून मऊ असतो, त्यात हवा भरतात. नलिकेचं तोंड ताणून मोठं करायचा बलून वेगळा, त्याला बराच जास्त दाब सोसावा लागतो. खडा १५ मिमीच्या वर असेल तर नुसता ओढायचा बलून पुरत नाही, खडा फोडावा लागतो किंवा तोंड ताणावं लागतं. बाबांचा खडा केवढा आहे ते डॉक्टरांना विचारा.

भारतात विकायला अमेरिकेचा कागद पुरत नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली आयात मालाला दिल्लीच्या सीडीएससीओचा (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा) एमडी-१५ परवाना लागतो. अमेरिकेत विक्रीची मुभा असल्याचा दाखला असेल तर इथे पुन्हा क्लिनिकल तपासणी न करता परवाना मिळू शकतो, म्हणून तो क्लिअरन्स इथेही कामाचा आहे. आणखी एक घोळ नेहमी होतो: बांद्रा-कुर्ला संकुलातलं आपलं अन्न व औषध प्रशासनही ‘एफडीए’च म्हणवतं. इथे बनणाऱ्या वर्ग ए आणि बी च्या (कमी जोखमीच्या) उपकरणांचे परवाने तिथून मिळतात. माहितीपत्रकावर नुसतं ‘एफडीए’ असेल तर कुठलं ते विचारा.

परवा एवढं करा. बाबांना रबराची ॲलर्जी असेल तर आजच सांगा, काही बलून नैसर्गिक लेटेक्सचे असतात. बलूनचं पाकीट त्यांच्या नावाने नवं उघडलं जाईल ना, हे आधीच नर्सिंग इन्चार्ज सिस्टरांना शांतपणे विचारा. लॉट नंबर, एक्सपायरी, आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असलेला स्टिकर केसपेपरवर चिकटवायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बिलात बलूनचे पैसे लावले असतील तर तो स्टिकर मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.