पहिल्यांदाच माणसं कामाला ठेवताय? एवढं सांभाळा

अभिनंदन! सुरुवातीला तीनच गोष्टी पाळा, बाकीचं जमत जाईल.

- नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी हातात द्या. काम, पगार, वेळा, सुट्ट्या, नोटिशीची मुदत सगळं त्यात हवं. "बघू नंतर" म्हणालात की वादाला तिथेच तोंड फुटतं.
- पगाराची तारीख चुकवू नका.
- चूक दाखवायची ती एकट्याला बोलावून, लगेच आणि नेमकी. "तुमचं लक्षच नसतं" यातून समोरच्याला काय कळणार? "मंगळवारचं बिल दोनदा गेलं" असं सांगा, मग गप्प बसून त्याचं ऐका. नंतर तारखेसह दोन ओळींचा ईमेल टाका.

नवे मालक बहुतेक वेळा फसतात ते एकाला सूट आणि दुसऱ्याला नियम लावून. (स्टाफच्या हे लगेच लक्षात येतं!) अप्रेझल, बोनसचं गणित आत्ता डोक्यात घेऊच नका.