आईसाठी हळद-मिरीच्या कॅप्सूल घ्याव्यात का? माझं उत्तर

ताई, आईचं वजन 84 किलो, साखरेची (मधुमेहाची) गोळी सुरू, आणि गावात येणारा माणूस हळद-मिरीच्या कॅप्सूल देतोय, 'अँटिऑक्सिडंट वाढतात, चरबी उतरते' म्हणून. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही देऊ नका.

त्याचं अर्धं बोलणं खरं आहे, म्हणून तर विश्वास बसतो. चरबीच्या पेशी फुगल्या की तिथं प्राणवायू कमी पडतो, आतल्या आत दाह धुमसत राहतो. त्यातून निघणाऱ्या घातक कणांना आवरण्यात शरीरातली अँटिऑक्सिडंट, म्हणजे ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व अशी या कणांना निकामी करणारी द्रव्यं, खर्ची पडतात. हळदीतल्या कुरकुमिन या पिवळ्या घटकाने शरीरावरचा हा ताण काहीसा कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. पण तिथं डोस शेकडो मिलिग्रॅमचा असतो. साध्या हळदीत कुरकुमिन 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भाजीतल्या अर्ध्या चमच्यात जेमतेम 45 मिलिग्रॅम. आपल्या वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीत ते जवळपास दुप्पट, तरी चाचण्यांतल्या डोसाला पुरत नाही. त्यातलंही रक्तात फार कमी उतरतं.

मिरीतलं पिपेरिन हे शोषण 20 पट वाढवतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. धोकाही तिथंच आहे. पिपेरिनमुळे दुसऱ्या औषधांचाही अंमल वाढू शकतो, आणि अशा कॅप्सूलने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तीन महिने घेतल्या. आधी भूक गेली, मग लघवी गर्द पिवळी, मग डोळे. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला लावल्यावर महिनाभरात उतरलं, पण तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

भाजी-वरणातली हळद मात्र निर्धास्त खाऊ द्या.

त्यापेक्षा जवसाकडे बघा. आपल्याकडे रब्बीत पिकतो, घरात असतोच, आणि त्यात ओमेगा-3 ही चांगली चरबी आणि लिग्नन हे अँटिऑक्सिडंट द्रव्य, दोन्ही. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, करपू देऊ नका. लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. अख्खा जवस न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटणं आलंच. आठवड्यापुरतंच करा, पुढं खवट वास येतो. भाकरीबरोबर दोन चमचे पुरे, वरून तेल ओतू नका, नाहीतर वजनाचं गणित तिथंच बिघडतं. हिवाळ्यात आवळा मिळतो तेव्हा रोज एक कच्चा द्या. मुरंबा नको, आईला साखर आहे.

कमरेचा घेर आजच शिवणाच्या टेपने मोजून लिहून ठेवा. बाईमाणसाला 80 सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. कॅप्सूल घरात आणल्याच असतील तर डबी पुढच्या तपासणीला सोबत न्या, आणि साखरेच्या गोळीचं नाव त्याच कागदावर लिहा.