वाचकांचे प्रश्न : बोगदा झाला, तरी अँडरमॅटला रस्ता कशासाठी?

प्रश्न : स्वित्झर्लंडमधील गोट्ठार्ड बोगद्यामुळे अँडरमॅट हे घाटमाथ्याचे गाव मुख्य रस्त्यापासून तुटले आहे का?

उत्तर : तुटले नाही, मात्र त्याची भूमिका बदलली. 1980 मध्ये सुमारे 17 किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाल्यापासून ए-2 महामार्गावरील वाहने ग्योशेनेनला डोंगरात शिरतात आणि गावात न येताच ऐरोलोला बाहेर पडतात. अँडरमॅटला जायचे तर ग्योशेनेनलाच महामार्ग सोडून रॉइस नदीच्या अरुंद श्योलेनेन घळीतून वर चढावे लागते. तेथे 1830 चा दगडी पूल आणि 1958 चा नवा पूल अगदी शेजारी-शेजारी दिसतात.

गावातून दक्षिणेला गोट्ठार्ड, पश्चिमेला फुर्का आणि पूर्वेला ओबरआल्प अशा तीन खिंडींच्या वाटा फुटतात. त्यांपैकी 2,429 मीटर उंचीची फुर्का सर्वांत उंच. हिवाळ्यात बर्फामुळे तिन्ही घाटरस्ते बंद होतात. त्या काळात फुर्काऐवजी रेआल्पहून मोटारी आगगाडीवर चढवून पायथ्याच्या बोगद्यातून पलीकडे नेता येतात, आणि ही सोय बाराही महिने असते. सुट्टीच्या दिवसांत महामार्गाच्या बोगद्यापाशी रांगा लागतात तेव्हा, रस्ता उघडा असेल तर, आम्ही खिंडीचाच मार्ग सुचवू.