जोड दिसू दे

प्रिय,

तुझं चित्र पाहिलं. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा काळा, मधे सरळ रेघ. हात तयार आहे तुझा. पण माणसातल्या द्वंद्वाची अशी वाटणी केली की चित्र पहिल्या नजरेतच संपतं.

वांगेची मुटू या चित्रकर्तीचं काम बघ. ती १९७२ साली नैरोबीत जन्मली, पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात शिल्पकला शिकली. आता नैरोबी आणि न्यूयॉर्क अशा दोन्हीकडे काम करते. तिची १२ कोलाजची, म्हणजे कात्रणं चिकटवून केलेल्या चित्रांची, एक मालिका आहे, ‘हिस्टॉलॉजी ऑफ द डिफरंट क्लासेस ऑफ युटेराइन ट्युमर्स’, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींच्या प्रकारांचा सूक्ष्म अभ्यास. जुन्या वैद्यकीय पुस्तकांतली स्त्रीरोगांची चित्रं हाच तिथे तिचा कागद. त्यावर मासिकांतले कुणाचे डोळे, कुणाचे ओठ. मग चमकी, फर. लांबून चेहरा दिसतो, जवळ गेलं की रोग. यातलं सुंदर कुठलं आणि किळसवाणं कुठलं, हे मला अजूनही वेगळं करता येत नाही. मासिकानं बाईचं शरीर विकायला मांडलं होतं, वैद्यकानं तपासायला. या दोन्ही नजरा तिनं एकाच तोंडावर आणून ठेवल्या. ते दुहेरीपण तिला रंगवावं लागलं नाही, त्या कागदांतच होतं. तुझ्या पांढऱ्याकाळ्या रंगांमागे असं काहीच नाही गं, नुसत्या ट्यूब आहेत.

मोठ्या चित्रांसाठी ती मायलरची प्लॅस्टिक फिल्म घेते. शाई तिच्यात मुरत नाही. वर साचते, ओघळते, आणि वाळल्यावर कातडीवरच्या चट्ट्यांसारखी दिसते. साहित्य असं निवडायचं असतं.

तिची कात्रणं मात्र उचलू नकोस. आफ्रिकी स्त्रीकडे बाहेरून बघणाऱ्यांशी तिचं भांडण आहे, ते तिचं. तुझं भांडण कुणाशी आहे, ते आधी ठरव. मग रद्दीच्या दुकानात जा आणि एकाच माणसाकडे दोन वेगळ्या हेतूंनी बघणारे कागद शोध: लग्नाच्या जाहिराती आणि शाळेतले शरीररचनेचे तक्ते, असं काही. सगळ्या कडा कात्रीनं कापू नकोस, काही हातानं फाड. डिंकाचा थर पातळ दे, जुना कागद लगेच सुरकुततो. आणि पुरं व्हायची वाट न बघता अर्धवट असतानाच फोटो पाठव. तेव्हाच काही बदलता येतं.

तुझा,
सर